हूड बघून घेतलेला ट्रक

माझ्या काकूने लष्कराचा जुना ट्रक त्याच्या कापडावरून विकत घेतला. इंजिन उघडून नाही, टायर दाबून नाही, चालवून तर नाहीच नाही. कापडावरून. हे मी आधीच सांगून टाकतो, कारण सगळं सांगून झाल्यावर कुणी ना कुणी ‘म्हणजे काय?’ असं विचारतोच आणि मला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

काकूचा धंदा ताडपत्र्या शिवण्याचा. एकतीस वर्षं तिने एकाच खोलीत, एकाच मशीनवर जाड कॅनव्हास शिवला. तंबू, दुकानांपुढची छपरं, मालगाड्यांवरची आच्छादनं, होड्यांची झाकणं. मशीन पायाची, ओतीव लोखंडाची, हलवायला चार माणसं लागतात अशी. जिथे मशीनची सुई पोचत नाही तिथे काकू दाभण आणि मेण लावलेला दोरा घेऊन हाताने शिवते. बोलण्यातही तिचं तसंच आहे, समोरचा कितीही जाड असो, आरपार. म्हणून गल्लीत तिला मागून ‘दाभण’ म्हणतात. तिला ते ठाऊक आहे आणि माझं मत विचाराल तर मनातून आवडतंही.

तर एका पहिल्या तारखेला घरमालक खोलीवर आला, स्टुलावर बसला, चहा प्यायला आणि म्हणाला की इमारत पाडून नवी बांधायची आहे, महिनाअखेर खोली मोकळी करून हवी. माणूस वाईट नव्हता. वर्षभर तो सांगत होता आणि वर्षभर काकू ‘बघू’ म्हणत होती. आता बघायला एक महिना उरला.

आम्ही दुसऱ्या खोल्या पाहिल्या. जी परवडे ती वरच्या मजल्यावर असे आणि मशीन जिना चढणार नाही. जी तळमजल्यावर असे तिच्यात वीस फुटी ताडपत्री उलगडायला जागा नसे. एका खोलीत काकूने कॅनव्हासची एक गुंडाळी पसरून पाहिली, तर तिचं टोक शेजारच्या न्हाव्याच्या खुर्चीपर्यंत गेलं आणि खुर्चीतल्या गिऱ्हाइकाने पाय वर घेतले.

घरी सगळ्यांचं एकच म्हणणं पडलं. काकू अठ्ठावन्न वर्षांची, काका चित्रकलेचे मास्तर होते ते निवृत्त होऊन चार वर्षं झालेली. आता पुरे. मीही तेच म्हणालो.

“काकू, खूप केलंस. आता घरी बस.”

“बसून काय करू? अंडी उबवू?”

काका खिडकीपाशी पेन्सिलीला टोक करत होते. ते म्हणाले, “अगं, तो म्हणतोय ते तुझ्या भल्याचंच.”

“अहो, माझं भलं मला कळतं. तुम्ही तुमची पेन्सिल बघा, मोडेल.” पेन्सिल खरंच मोडली.

ट्रकचं खूळ तिच्या डोक्यात भरवलं ते मिस्त्रीने. मिस्त्रीचं गॅरेज गल्लीच्या तोंडाशी. गाड्या दुरुस्त करता करता तो त्यांच्याशी बोलतो आणि गिऱ्हाइकांशी बोलायचं मात्र टाळतो. लष्कराच्या जुन्या ट्रकांवर त्याचा जीव. ते लिलावात निघाले की हा कामधंदा सोडून नुसता बघायला जातो.

“काकू, आजकालच्या गाडीत कॉम्प्युटर असतो,” तो म्हणाला. “तो रुसला की गाडी रुसली. ह्या गाडीत रुसायला काही ठेवलेलंच नाही. एक पाना, एक पक्कड आणि एक शिवी, एवढ्यावर चालते.”

“आणि इतकी वर्षं जुनी?”

“वर्षं जुनी, पण चाललेली किती? उभीच असते की निम्मं आयुष्य! आठवड्यातून एकदा सुरू करायची, पुसायची, परत उभी करायची. शिवाय सगळं गाडीवरच लिहिलेलं. चाकावर हवा किती भरायची ते, टाकीवर कुठलं तेल घालायचं ते, दांड्यावर कुठे ओढायचा ते. कसं आहे, ज्याला काही येत नाही आणि जो घाबरलेला आहे, त्यालासुद्धा चालवता यावी म्हणून बनवलेली वस्तू आहे ती.”

हे शेवटचं वाक्य मला, खोटं कशाला बोलू, आवडलं. मी पाणीपुरवठा कचेरीत कारकून आहे. लोकांच्या अर्जांतल्या चुका शोधणं हे माझं काम, आणि स्वभावही तसाच झालाय. आमच्याकडचा एकही अर्ज घाबरलेल्या माणसाला भरता येईल असा नाही.

काकूने मात्र त्यातून भलतंच उचललं. तिने ट्रकच्या मागच्या भागाची मापं विचारली. चौदा फूट लांब, सपाट, तिन्ही बाजूंचे फाळके खाली पडतात, वर लोखंडी कमानी आणि त्यांच्यावर कॅनव्हासचं हूड. तिने ती दोनदा बोटांवर मोजली. काकू बोटं मोजू लागली की घरात सगळे सावध होतात.

“म्हणजे खोलीच की,” ती म्हणाली. “मशीन पायाची, विजेची गरज नाही. फाळके पाडले की टेबल तयार. गिऱ्हाइकाने माझ्याकडे यायचं त्याऐवजी मी त्याच्या दारात. आणि ही खोली माझ्याकडून कोण काढून घेतो तेच बघते.”

जड वाहनाचा परवाना तिच्याकडे वीस वर्षांपासून होता. एकदा एका कारखान्याचा ड्रायव्हर तिच्याशी भांडून, भरलेली लॉरी दारात सोडून निघून गेला होता. त्या रागात ती शिकली. रागात शिकलेलं ती विसरत नाही.

लिलाव त्या आठवड्याच्या शेवटी होता. शहराबाहेर तारेच्या कुंपणात एक मोठं आवार, त्यात ओळीने उभे चाळीसेक हिरवे ट्रक, प्रत्येकाच्या काचेवर खडूने लिहिलेला लॉटचा आकडा. फाटकावर सूचना होती की माल जसा आहे तसा, जिथे आहे तिथे, नंतर तक्रार चालणार नाही. मी ती सूचना काकूला दोनदा मोठ्याने वाचून दाखवली.

सगळे लोक बॉनेट उघडून आत डोकी खुपसत होते. टायरांना लाथा घालत होते. मिस्त्रीला एक ट्रक आवडला, नवा रंग मारलेला, तो त्याच्या कानाशी काहीतरी कुजबुजलाही. काकू मात्र एका बाजूला उघड्यावर उभ्या असलेल्या ट्रकच्या मागे गेली आणि आली नाही. मी जाऊन बघतो तर ती हुडाच्या कडेवरून बोट फिरवत होती, आंधळ्याने चेहरा चाचपावा तसं.

“हे बघ,” ती मला म्हणाली. “हे ठिगळ बघ.”

“ठिगळच आहे. फाटलेलं घ्यायचंय का आपल्याला?”

“गाढवा, नीट बघ. कोपरे गोल कापलेत. चौकोनी कोपरा वाऱ्याने उचकटतो, गोल उचकटत नाही. कापडाचा धागा धाग्याला मिळवलाय. टाके बघ, बोटभर अंतरावर, सगळे सारखे. दोऱ्याला मेण लावलंय. गाठ आतल्या बाजूला. अशी सात ठिगळं मोजली मी. आणि रंग बघ, कुठे विटलाय? म्हणजे सावलीत ठेवत होते. ज्या माणसाने हूड इतकं सांभाळलं त्याने इंजिन काय वाऱ्यावर सोडलं असेल?”

मी म्हणालो की हुडावरून इंजिन ओळखणं म्हणजे टोपीवरून दात ओळखण्यासारखं आहे. तिने माझ्याकडे बघितलं नाही. लिलाव पुकारला गेला, तिचा हात वर गेला तो खाली आलाच नाही आणि तीन मिनिटांत ट्रक तिचा झाला. दुसऱ्या कुणाला तो फारसा नकोच होता. ही गोष्टसुद्धा मी तिच्या नजरेला आणून दिली.

ट्रक ओढत गॅरेजवर आणला. गल्ली गोळा झाली. तो गल्लीत शिरेना म्हणून गॅरेजसमोरच उभा राहिला, पहिल्या मजल्याच्या खिडक्यांच्या उंचीला. खरं सांगतो, त्याच्याजवळ उभं राहिलं की बरं वाटायचं. त्याच्यात काही लपवलेलं नव्हतं. स्क्रू दिसत होते, सांधे दिसत होते. माझ्या कचेरीतल्या साहेबाच्या टेबलापेक्षा तो जास्त सरळ होता.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रीने इंजिनातलं तेल मोजायची पट्टी काढून बघितली. तेल चहाच्या रंगाचं झालं होतं, दूध जास्त पडलेल्या चहाच्या. त्याने पट्टी पुसली आणि पुन्हा बुडवून बघितली.

“ब्लॉकला तडा गेलाय, काकू. पाणी तेलात उतरलंय. हे इंजिन काही उठत नाही.”

“बघ परत.”

“तीनदा बघितलं. खालचं सगळं उत्तम आहे, एक्सल, गिअर, चाकं. पण इंजिन मेलंय, आजचं नाही, कधीचंच.”

“शक्य नाही,” काकू म्हणाली.

पुढचे तीन दिवस तिने हेच चालवलं. शक्य नाही. ज्याने असे टाके घातले तो असं होऊ देणार नाही. मिस्त्रीने हात टेकले. काका रोज संध्याकाळी गॅरेजवर येऊन ट्रककडे बघत आणि ‘बघ बाई’ एवढंच म्हणून परत जात. महिना निम्मा सरला होता. खोलीतल्या गुंडाळ्या दोरीने बांधून दारापाशी रचल्या होत्या आणि त्या कुठे जाणार हे कुणालाच ठाऊक नव्हतं. माझं म्हणाल तर माझं म्हणणं खरं ठरलं होतं आणि त्याचा आनंद मी बेतानेच, पण घेत होतो.

चौथ्या दिवशी काकूने हूड धुवायला खाली काढलं. इंजिन मेलं तरी कापड तर माझं आहे, म्हणाली. आम्ही दोघांनी ते गॅरेजसमोर पसरलं. ती कडेने ओणवी होऊन चालत होती, एकेक कडी तपासत. एका टोकाला पोचली, परत आली. पुन्हा मोजत गेली. मग ट्रकजवळ जाऊन कडेचे हुक मोजले. मग शिवणीची आतली बाजू उलटून काहीतरी वाचलं आणि तिथेच फुटपाथवर बसली.

“काय झालं?” मी घाबरलो. मला वाटलं तिला चक्कर आली.

“कड्या अकरा आहेत,” ती म्हणाली. “हुक दहा.”

“मग?”

“मग काय! हे हूड ह्या गाडीचं नाही. आत नंबर लिहिलाय, तो बघ आणि दारावरचा बघ.”

दोन्ही नंबर वेगळे होते. ट्रकच्या धंद्यातल्या कुणी ही चूक केली नसती, कारण त्यांनी हूड बघितलंच नसतं. कपडे शिवणाऱ्यानेही केली नसती. ही फक्त ताडपत्री शिवणाऱ्याची चूक. एकतीस वर्षं जी बाई हाताखालच्या माणसाला पहिल्या दिवशी पहिली गोष्ट शिकवत आली की आधी कड्या मोज, मग बाकीचं बघ, ती ठिगळाच्या प्रेमात पडून कड्या मोजायला विसरली होती.

मिस्त्री आला, काका आले. काकूने कुणालाही विचारायला लावलं नाही.

“चूक माझी आहे,” ती म्हणाली. “मिस्त्री, तू बरोबर होतास. अहो, तुम्हीही. आणि हा गाढवसुद्धा.”

मला सांगायला लाज वाटत नाही, त्या क्षणी मला रडू आलं. वर्षानुवर्षं मी वाट बघत होतो की काकूने एकदा तरी म्हणावं की मी बरोबर होतो. ती म्हणाली आणि मला ते नकोसं झालं. मी म्हणालो, “काकू, नंबर दे. मी शोधतो.”

“काय शोधतोस?”

“ज्या गाडीचं हे हूड आहे ती.”

तिने वर बघितलं. मग उठली, पदर झटकला. तिचा चेहरा एकदम नेहमीसारखा झाला. “बरोबर. टाके खोटं बोलत नाहीत. पत्ता चुकला एवढंच.”

कागद हा माझा प्रांत. दुसऱ्या दिवशी रजा टाकून मी काकूला घेऊन त्या आवारात गेलो. तिथला भांडारी म्हातारा, कानात कापूस घालणारा, पण नंबर ऐकताच त्याने वहीसुद्धा उघडली नाही.

“ती होय! ती चालू गाडी. शेडमध्ये असायची. तुमची बंद पडलेली, बाहेर उन्हापावसात. आता तुम्हीच सांगा, शेडमधल्या गाडीला हूड कशाला? बाहेरच्या गाडीच्या फळ्या कुजत होत्या. म्हणून दोन महिन्यांपूर्वी मीच तिचं काढून हिला घातलं. कडी एक जास्तीची, पण बसतं.”

म्हणजे आवारातलं सगळ्यात चांगलं हूड आवारातल्या सगळ्यात वाईट ट्रकवर होतं, आणि त्याचं कारण अगदी शहाणपणाचं होतं. काकूने कपाळाला हात लावला. मला हसू आवरेना आणि मग तिलाही.

“ती गाडी कुणी नेली?”

“खाणवाल्याने. दगडाची खाण आहे ना डोंगराखाली, तो. चालवायला नाही हो, त्याला फक्त मागचे एक्सल हवेत. ट्रेलर बनवणार आहे. बाकीची तोडून भंगारात.”

आम्ही तिथून थेट खाणीवर गेलो. ट्रक कड्याच्या सावलीत उभा होता, उघडा, नुसत्या कमानी वर आलेल्या. चेसिसवर गॅस कटरवाल्याने खडूने रेघा मारून ठेवल्या होत्या. खाणवाला पिवळं हेल्मेट घातलेला, आवाज फाटलेला माणूस; यंत्रांच्या वर ओरडून ओरडून त्याला हळू बोलता येईनासं झालं होतं.

“उद्या सकाळी कापणार!” तो ओरडला. “का? तुम्हाला काय हवंय, मावशी?”

 काकूने मिस्त्रीला फोन करून बोलावलं आणि तो येईपर्यंत खाणवाल्याला बॉनेट उघडायला लावलं. मी तिच्याबरोबर आत डोकावलो. मला त्यातलं काही कळत नाही, पण एक गोष्ट मलाही दिसली. रबरी नळ्यांची टोकं जिथे जिथे लोखंडाला मिळत होती तिथे आवळायच्या पट्टीवरून दोरा गुंडाळलेला होता. मेणाचा दोरा. बोटभर अंतराने सारखा आणि गाठ आतल्या बाजूला.

“हाच तो,” काकू म्हणाली, हळू, जणू तो माणूस तिथे झोपलेला होता. “हाच.”

मिस्त्री आला, तेलाची पट्टी काढली, बोटाला लावली, वास घेतला. दुसरी बॅटरी जोडली. चावी नव्हतीच, एक दांडा होता आणि त्याच्याखाली बाण काढलेला. मिस्त्रीने काकूला पुढे केलं. तिने दांडा बाणाकडे ढकलला. इंजिन दोनदा खोकलं आणि सुरू झालं. खाणीच्या त्या गोंगाटातसुद्धा ते ऐकू येत होतं, सावकाश, जड, एकाही ठोक्याची गडबड नाही. मिस्त्रीने टोपी काढली. खरंच काढली.

अडचण आता अशी की खाणवाल्यालाही ते ऐकू आलं होतं.

“गाडी तर झकास आहे!” तो ओरडला.

“झकास आहे,” काकू म्हणाली. तिने काहीही लपवलं नाही. मी तिला कोपर मारत होतो, पण ती कधी ऐकते? “मला ही हवीय. माझ्याकडे हिचीच जुळी आहे. इंजिन मेलेलं, पण एक्सल ह्या मिस्त्रीला विचारा कसे आहेत. तुम्हाला एक्सलच हवेत. अदलाबदल करा.”

मिस्त्रीने शपथेवर सांगितलं की एक्सल ह्याच्यापेक्षा चांगले आहेत. खाणवाल्याने डोकं खाजवायला हेल्मेट काढलं.

“तुमचं काम होतंय, मावशी. माझं काय होतंय ह्यात? मी चालती गाडी देऊन मेलेली का घेऊ?”

काकूने आजूबाजूला बघितलं. दगड फोडणाऱ्या यंत्रापासून लांब पट्टा वर चढत होता, त्यावरून खडी वाहून ढिगावर पडत होती आणि सगळ्या रस्ताभर पांढरी धूळ उडत होती. खाणीच्या कचेरीच्या दारावर एक नोटीस चिकटवलेली होती. मी ती वाचली, सवयच आहे. धुळीबद्दलची होती, आणि तिसरी होती.

“तो पट्टा किती लांब?” काकूने विचारलं.

“साठ फूट. का?”

“त्याला वरून झाकण शिवून देते. कमानींवर बसेल असं, मधे मधे उघडता येईल असं. धूळ आतल्या आत. चार दिवस.”

“साठ फुटी झाकण चार दिवसांत? कुठल्या कारखान्यात शिवणार?”

काकूने बॉनेटवर थाप मारली. “ह्याच्यात. इथेच. तुमच्या डोळ्यांसमोर. पाचव्या दिवशी धूळ उडाली तर गाडी तुमची, हूडसकट.”

माझ्या तोंडचं पाणी पळालं. हातात खोली नाही, ट्रक एकच, त्याचीही पैज लावून मोकळी! खाणवाल्याने तिच्याकडे नीट बघितलं. मग कटरवाल्याला हाक मारून सांगितलं, “रेघा पुस रे.”

पुढचं मी थोडक्यात सांगतो, कारण त्यात नुसती मेहनत आहे. दोन्ही ट्रकांचे कागद मी एकाच दिवशी बदलून घेतले, तात्पुरता परवाना काढला आणि खिडकीवरच्या कारकुनाने काढलेल्या तीन चुका त्याला माझ्याच पद्धतीने परत दाखवल्या. चार हमाल आणि मिस्त्री यांनी मशीन ट्रकवर चढवली आणि मिस्त्रीने तिचे पाय फळ्यांना बोल्टने आवळले. हूड कमानींवर घातलं. अकरा कड्या, अकरा हुक. काकूने या वेळी आधी मोजले, मोठ्याने, सगळ्यांना ऐकू येईल असे.

ती ट्रक घेऊन निघाली तेव्हा काका फुटपाथवर उभे होते. हातात चित्रकलेची जुनी पट्टी, लाकडी, एक मीटरची.

“अगं, साठ फूट आखायचे म्हणजे रेघ सरळ लागेल,” ते म्हणाले. “तुझी तिरकी जाते.”

“माझी तिरकी जाते? एकतीस वर्षं?”

“एकतीस वर्षं बघतोय.”

काकूने दार उघडलं. काका चढले, दोनदा घसरून. मग त्या उंच सीटवर बसून त्यांनी खाली आमच्याकडे असं बघितलं जसं वर्गातल्या चौथऱ्यावर उभे असावेत.

खाणीत तीन फाळके पडले आणि ट्रकचं टेबल झालं. काका खडूने आखत, काकू पायाने मशीन हाकत. कॅनव्हास ट्रकच्या मागून बाहेर पडत जमिनीवर घड्या होऊन साचत होता. मी कचेरी सुटल्यावर जाऊन कड्या ठोकत होतो. माझा अंगठा अजून काळा आहे. चौथ्या दिवशी दुपारी झाकण पट्ट्यावर चढलं. खाणवाल्याने यंत्र सुरू केलं आणि सगळे रस्त्याकडे बघत राहिले. खडी पडत होती. आवाज येत होता. धूळ येत नव्हती. थोडी एका सांध्यातून आली, तो सांधा काकूने यंत्र न थांबवता वर चढून दाभणाने शिवला आणि मग तीही थांबली.

खाणवाला त्या दिवशी पहिल्यांदा हळू बोलला. “मावशी, जमलं,” म्हणाला.

पण खरं जे झालं ते झाकणाने झालं नाही. खाणीत दगड भरायला दिवसाला साठ-सत्तर ट्रक येतात. प्रत्येकाला भरलेल्या मालावर ताडपत्री टाकावीच लागते आणि त्यांतली एकही धड नसते. दगडाच्या कडा त्यांना रोज फाडतात. एकतीस वर्षं हेच ड्रायव्हर फाटकी ताडपत्री डोक्यावर घेऊन गल्लीतून काकूच्या खोलीपर्यंत चालत येत होते, कारण त्यांची गाडी गल्लीत शिरत नव्हती. बरेचसे येतच नव्हते. दुसऱ्याच दिवशी एकाने काकूला बघून ब्रेक दाबला. त्याच्या मागच्याने त्याला विचारलं. संध्याकाळपर्यंत तिच्या फाळक्यापाशी गाड्यांची रांग लागली. पुढच्या दिवशी मी एक वही आणून नावं लिहायला सुरुवात केली, कारण भांडणं होऊ लागली.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी खोलीची किल्ली पाच वाजेपर्यंत द्यायची होती. मी साडेतीनला खाणीवर पोचलो. काकूचे हात कोपरापर्यंत पांढरे झाले होते, केस पांढरे तर आधीच होते. समोर आठ ड्रायव्हर बसले होते.

“काकू, किल्ली द्यायला जायचंय. तू येतेस ना? एकदा बघून घे खोली.”

“तू जा,” ती दोरा दातांनी तोडत म्हणाली. “मला वेळ कुठाय? आणि वही घेऊन जा, इथे ठेवलीस तर हे लोक स्वतःचे नंबर वर सरकवतात.”

मी गेलो. घरमालक रिकाम्या खोलीत उभा होता, हात मागे बांधून. त्याला वाईट वाटत होतं, दिसत होतं तसं. किल्ली घेऊन त्याने ती थोडा वेळ हातातच फिरवली.

“काकूंचं कसं होणार आता?” त्याने विचारलं. “कुठे बसणार त्या?”

“त्या बसत नाहीत आता,” मी म्हणालो. “खूप काम आहे. तुम्हाला काही शिवून हवं असेल तर आताच सांगा, पुढच्या आठवड्यात नंबर लागेल. आणि मापं नीट घेऊन या, अंदाजपंचे चालणार नाहीत.”

माझ्या तोंडून कोण बोलत होतं ते मला कळत होतं आणि मला त्याचा फार अभिमान वाटला. घरमालकाने वर छताकडे बघितलं, मग बाहेर, जिथे उद्यापासून पाडकाम सुरू होणार होतं.

“बांधकाम झाकायला ताडपत्र्या लागतील,” तो सावकाश म्हणाला. “बऱ्याच लागतील.”

मी वही उघडली आणि त्याचं नाव लिहून घेतलं. त्याच्या आधी आठ जण होते.